धुतलेला डिशडाशा

१

ओमानमधल्या निझव्यात सफियाबाईंच्या घरी एका शुक्रवारी सकाळी चोरी झाली. चोरीला गेला तो एक वास. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

कुणाला हसू येईल, येऊ दे. मी तिथं नसते तर मीही हसले असते. पण आतल्या खोलीतून जी किंकाळी आली ती ऐकून आम्ही तिघं विद्यार्थी हातातले कप तसेच ठेवून उठलो, आणि त्यानंतर त्या घरात कुणी फारसं हसलं नाही.

साल १९९९. मी, शेरॉन तुस्कानो, वसईजवळच्या निर्मळची, निझव्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला होते. अरबी आलं तर पगार वाढेल असं मॅनेजर म्हणाले, म्हणून सफियाबाईंच्या शिकवणीला जायला लागले. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. ओमानात तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी, त्यामुळे शिकवणी शुक्रवारी सकाळी, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर बसून. आमच्याशी त्या बाजारात शिकलेल्या हिंदीत बोलायच्या. तानाजीनं पहिल्याच दिवशी त्यांना सवयीनं "बाई" म्हटलं आणि तेच नाव पडलं.

हा तानाजी देवगडकडचा, कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायचा. तिसरे चंद्रशेखर, पुण्याचे, विमा कंपनीचे सर्व्हेयर. कुठं दुकान जळलं, गाडी ठोकली, तिजोरी फुटली की हे जाऊन पाहणार आणि नुकसान खरं की बनावट ते सांगणार. माणूस हुशार, पण बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपणच आग लावली. मला ते मुळीच आवडत नसत.

धडा चालला होता तो "माझं-तुझं"चा. बाई कॉफीचा बिनकानाचा छोटा कप उचलायच्या. फिंजान म्हणजे कप. फिंजानी, माझा कप. फिंजानक, तुझा. फिंजानुह, त्याचा. फिंजानहा, तिचा. आपल्याकडे मालक आधी मिरवत येतो, माझा कप, तुझा कप. अरबीत वस्तू आधी येते आणि मालक तिच्या शेपटाला चिकटतो, सगळं मिळून एकच शब्द. बाई म्हणायच्या, "तुम्हारा 'माझा' अलग खड़ा रहता. उसको हटा सकते. हमारा नहीं हटता. कप उठाओ, आदमी साथ में आता."

मग पेनची पाळी. कलम. माझं पेन, कलमी. त्यावर तानाजी म्हणायचा, बाई, आमच्याकडे कलमी म्हणजे हापूस आंबा. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. या धड्यावर आम्ही किती शुक्रवार अडकलो होतो देव जाणे. दर वेळी तोच कप, तेच पेन, तानाजीचा तोच आंबा आणि बाईंचं तेच पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसू. मी कंटाळले होते. पण बाईंना "हे झालंय" असं सांगणार कोण? शिकवणाऱ्या माणसाला तसं तोंडावर सांगायची आपल्यात रीत नाही. आम्ही तिघंही नव्यानं शिकल्यासारखं उत्तर द्यायचो.

त्या शुक्रवारी कप झाला, पेन झालं, आणि बाई आणखी काही आणायला आत गेल्या. मग ती किंकाळी.

आत बाई जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर एक पांढरा डिशडाशा. ओमानी पुरुष घालतात तो पायघोळ झगा. हा त्यांच्या नवऱ्याचा, नासिर यांचा. ते आदल्या हिवाळ्यात गेले. अंगावरचा शेवटचा डिशडाशा बाईंनी धुतला नव्हता. पितळी खिळ्यांच्या मोठ्या लाकडी पेटीत, तिकडे तिला मंदूस म्हणतात, तो तसाच ठेवला होता. अधूनमधून त्या पेटी उघडायच्या आणि कॉलरमध्ये तोंड खुपसून बसायच्या. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं, काही न लपवता.

तो डिशडाशा आता स्वच्छ धुतलेला, कडक इस्त्री केलेला होता. गळ्याशी जो छोटा गोंडा लोंबतो तो ओमानी पुरुष अत्तरात बुडवतात. तो गोंडा नुकताच ओला केल्यासारखा घमघमत होता. डिशडाशासोबत नासिर यांची कशिद्याची टोपी, तीही धुतलेली. खिशातून नव्या रुमालाचं टोक दिसत होतं.

"ये नासिर नहीं," बाई डिशडाशा नाकाशी धरून म्हणत होत्या. "ये साबुन है. ये मेरा अत्तर है. नासिर किधर गया?"

दारात घरकाम करणारी हवाबी उभी होती, ओढणीचं टोक मुठीत आवळून. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मैंने धोया, मामा," ती म्हणाली. "मैंने ही धोया."

२

हवाबी दापोलीकडची, हर्णै बंदरातली. सफियाबाईंना ती तिकडच्या रीतीनं "मामा" म्हणायची. मामा म्हणजे आई. नवऱ्यानं टाकलेली, आईवडील गेलेले, भावजयीनं दार लावून घेतलेलं. बाईंच्या मुलाचं लग्न व्हायच्या आधीपासून ती त्या घरात होती. सून आली आणि मस्कतला गेली, नातवंडं झाली, नासिर आजारी पडले आणि गेले, सगळं तिच्या हातांखालून गेलं. तिचं म्हणावं असं जगात तेवढंच घर होतं.

आणि त्या घरातून तिला काढणार हे दुपारपर्यंत नक्की झालं. बाईंचा मुलगा सलीम मस्कतहून आला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला सभ्य, पण त्या दिवशी चेहरा पार उतरलेला. आईनं त्याला अरबीत एवढंच सांगितलं, "हिला बाहेर काढ. मला हिचं तोंड बघायचं नाही."

"व्हिसा कॅन्सल करावा लागेल," सलीम आमच्याकडे न बघता म्हणाला. तो आमच्याशी इंग्रजीत बोलायचा. "मला वाईट वाटतंय. पण आई जेवत नाहीये."

मी तावातावानं सांगायला लागले, चूक झाली असेल, बिचारीनं स्वच्छता म्हणून धुतला असेल. चंद्रशेखर मात्र गप्प. ते मंदुसाशी वाकून काहीतरी बघत होते. मला त्यांचा असा राग आला. एका बाईचं जन्माचं नुकसान होतंय आणि हे लाकूड तपासतायत.

अंगणात खजुराच्या झाडाखाली मी त्यांना म्हटलं, "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"बोलण्यासारखं मिळालं नव्हतं. आता मिळालंय." त्यांनी मूठ उघडली. आत पुठ्ठ्याची एक अर्धगोल पट्टी होती. "डिशडाशा मंदुसात परत ठेवलाय, त्याच्या कॉलरच्या आत ही होती. कॉलर ताठ राहावी म्हणून लाँड्रीवाले घालतात. हवाबी काय म्हणाली?"

"घरी धुतला म्हणाली. मोरीत, हातानं."

"तर मग ती खोटं बोलतेय," चंद्रशेखर म्हणाले. "हा डिशडाशा या घरात धुतलेलाच नाही."

३

हवाबी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. ज्या घरातून हाकललं जाणार त्या घरासाठी तांदूळ निवडत होती.

चंद्रशेखर पाटावर बसले. मला वाटलं, आता हे विमेवाल्या आवाजात सुरू करणार. पण ते हळू बोलले.

"हवाबी, इस्त्री घरात आहे?"

"आहे की."

"डिशडाशाला तूच केलीस?"

"मीच केली."

"आणि ही पट्टी?"

तिनं पट्टीकडे पाहिलं. ताटातले हात थांबले. मग ती पुन्हा निवडायला लागली, पण आता तांदूळही खड्यांबरोबर बाजूला जात होते.

"मी धुतला म्हटला ना, सायेब. आता काय लिहून देऊ? मामा माझ्यावर रागावली, सलीमनं ऐकला, झाला. तुमी कशाला खणताय?"

"तुला इथून पाठवतील, कळतंय ना?" मी म्हटलं. "जाशील कुठं?"

"जाईन कुठं पण." तिचा आवाज फाटला. "लवकर पाठवा म्हणावं. उद्या पाठवा. जेवढी लवकर जाईन तेवढा बरा."

हे मला काही पटेना. ज्याच्यावर आळ येतो तो दया मागतो, शपथा घेतो, देवाला मध्ये आणतो. ही घाई करत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर ती घळाघळा रडली. आवाज न करता, बाहेर ऐकू जाऊ नये अशी.

"अत्तर कुठनं आणलंस?" चंद्रशेखरांनी अचानक विचारलं.

"कसला अत्तर?"

"गोंड्याला लावलेलं."

त्या घरातलं अत्तर बाई स्वतः करायच्या, डोंगरातल्या गुलाबाचं पाणी, ऊद आणि आणखी काय काय घालून. कुपी चांदीच्या छोट्या पेटीत कुलपात, आणि किल्ली बाईंच्या गळ्यातल्या साखळीत. नासिर गेल्यापासून त्यांनी ती पेटी उघडलेली आम्ही पाहिली नव्हती.

हवाबी म्हणाली, "माझ्याकडचाच होता," आणि ताट घेऊन मागच्या दाराशी गेली.

बाहेर आल्यावर चंद्रशेखर म्हणाले, "ती कुणाला तरी पाठीशी घालतेय. घरी धुतला असं का म्हणाली? कुणी लाँड्रीत चौकशीला जाऊ नये म्हणून. चला, आपण लाँड्रीतच जाऊ. तानाजी कुठाय?"

तानाजी सकाळच्या गडबडीत केव्हा निघून गेला ते मला आठवेना.

४

तो लाँड्रीच्या मागच्या खोलीत, कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये बसलेला सापडला. शुक्रवार म्हणून दुकान बंद. आम्हाला बघताच उठला आणि हात जोडले.

"सर, माका कायएक ठावक नाय."

"तानाजी," मी म्हटलं, "हवाबीला घालवतायत."

त्यानं खाली मान घातली. मग म्हणाला, "बसा. सांगतंय. पण अर्बाबाक, मालकाक, कळला तर माझी नोकरी जायत."

तो डिशडाशा त्याच्याकडेच आला होता. मंगळवारी दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना. चारच्या सुमारास तो शटर उघडायला गेला तर हँडलला एक पिशवी अडकवलेली. आत डिशडाशा आणि टोपी.

"घरचे कपडे कोण आणून देतं?" चंद्रशेखरांनी विचारलं.

"हवाबी. शनवारी, चादरीत गाठ मारून. ह्यो मात्र सुटो इल्लो."

"आणि तुला कळलं नाही हा कुठला डिशडाशा ते? बाईंनी तुझ्यासमोर सांगितलं होतं की."

तानाजीचे डोळे भरले. "सर, हंय समदे डिशडाशे पांढरेच. आमी कपडो बघीत नाय, मार्क बघतो. प्रत्येक घराची खूण आतल्या शिवणीर असता. खूण बघलंय, बाईंच्या घरची, टाकलंय मशिनीत. माका काय सपान पडला, ह्यो तोच म्हणान? गुरवारी सांजेक न्हेऊन दिलंय. हवाबीन हातात घेतल्यान, उलगडल्यान, नि पायरेर मटकन बसली. मगे माका कळला, मी काय करून ठेवलंय ता."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, तानाजी, तुया काय बघूक नाय, तुया काय धुवूक नाय. जा." त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "माझ्या हातान त्या माणसाचो वास गेलो, ताई. माका काल रात्री झोप नाय."

त्या गरम, साबणाच्या वासानं भरलेल्या खोलीत मी त्याच्या शेजारी गाठोड्यावर बसले.

"म्हणजे गुरुवारी संध्याकाळपर्यंत हवाबीलाही माहीत नव्हतं," चंद्रशेखर म्हणाले. "तिनं पाठवला असता तर ती पायरीवर बसली नसती. पिशवी तिनं अडकवलेली नाही. तानाजी, मंगळवारी त्या घरचं आणखी कुणी बाजारात दिसलं?"

तानाजी चाचरला. दाराकडे बघून हळूच म्हणाला, "सलीमशेट. तेंची गाडी दुपारी किल्ल्याकडसून जाताना बघलंय."

सलीम तर आठवडाभर मस्कतला होता. निदान त्यानं आम्हाला तसंच सांगितलं होतं.

५

माझ्या डोक्यात तिथंच निकाल लागला. सलीमला आई मस्कतला हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. बाई निझवा सोडायला तयार नव्हत्या, कारण नासिर इथं होते, त्या पेटीत. तो वास गेला की आई सुटली, असा त्याचा हिशेब. आणि आळ घ्यायला बिचारी मोलकरीण होतीच. मी परत जाताना रस्ताभर त्याला शिव्या घातल्या. चंद्रशेखरांनी फक्त एकदा विचारलं, "मग रुमाल कशाला?" उत्तराऐवजी मी आणखी जोरात शिव्या घातल्या.

सलीम गच्चीवर उभा होता. उन्हं उतरली होती. मीच पुढं झाले.

"तुम्ही मंगळवारी निझव्यात होतात. आम्हाला खोटं सांगितलंत."

तो चिडेल असं वाटलं होतं. पण तो कठड्याला टेकला आणि जणू कुणीतरी विचारावं म्हणून थांबला होता असा बोलायला लागला.

"आईनं फोन केला होता. मी मीटिंगमध्ये होतो. म्हणाली, वडिलांना दुकानातून घेऊन ये, जेवण थंड होतंय." तो थांबला. "वडिलांचं दुकान विकून वर्ष होत आलं. मी सगळं टाकून गाडी काढली. पोचलो तर ती दारात उभी, अगदी नेहमीसारखी. अरे, आज कसा काय आलास, म्हणाली. मला जेवायला वाढलं. फोन केल्याचं तिला आठवत नव्हतं. मी परत गेलो. बायकोलाही सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल, असं वाटत होतं."

माझी सगळी हुशारी तिथंच गळून पडली.

चंद्रशेखर कठड्यावर बसले. "सलीम, मला जे वाटतंय ते सांगू? ऐकून त्रास होईल."

"सांगा."

"माझ्या कामात एक सवय लागते. कुलूप शाबूत असताना चोरी झाली, तर आम्ही आधी किल्ली कुणाकडे आहे ते बघतो. गोंड्याला अत्तर लावलेलं होतं, ताजं. तुमच्या आईनं ते वासावरून ओळखलं, हे माझं अत्तर म्हणाल्या. चांदीच्या पेटीचं कुलूप मी सकाळी पाहिलं, साधा ओरखडाही नाही. किल्ली एकाच गळ्यात असते. मग रुमाल. चूक लपवणारा माणूस मेलेल्याच्या खिशात नवा रुमाल घालत नाही. टोपी धुवायला देत नाही. ते कपडे लपवलेले नव्हते, कुणालातरी घालायला काढून ठेवलेले होते. उद्या जुम्मा, नवरा नमाजाला जाणार, म्हणून बायकोनं आदल्या दिवशी तयारी करून ठेवावी, तसे."

सलीमनं तोंड दोन्ही हातांत झाकलं.

"आणि आमचा धडा," चंद्रशेखर माझ्याकडे वळले. "शेरॉन, आपण कित्येक शुक्रवार एकच धडा शिकतोय. आपल्याला वाटलं, बाई पक्कं करून घेतायत. तानाजीच्या आंब्यावर त्या दर वेळी हसतात, कारण तो विनोद त्यांच्यासाठी दर वेळी नवाच असतो. आपण सभ्यपणे गप्प बसलो. मंगळवारी तुम्ही परत गेलात, सलीम, आणि त्या पुन्हा तुमच्या वडिलांची वाट बघायला लागल्या असणार. तेव्हा त्यांनी पेटी उघडली, मळका डिशडाशा दिसला, आणि जी गोष्ट त्या जन्मभर करत आल्या तीच केली, नवऱ्याचे कपडे धुवायला दिले, पिशवी लाँड्रीच्या शटरला नेऊन अडकवली. आज सकाळी मात्र त्या शुद्धीवर होत्या."

खाली अंगणात बाईंचा आवाज आला. कुणावर तरी ओरडत होत्या. हवाबीवर.

६

आम्ही तिला पुन्हा स्वयंपाकघरात गाठलं. या वेळी सलीम बरोबर होता. त्यानं तिला अरबीत एवढंच विचारलं, आणि अरबी मला आता तेवढं कळत होतं, "तू पाहिलंस ना?"

हवाबी ओट्याला टेकली.

"गुरवारी संध्याकाळी मामा आतून आली," ती म्हणाली, आधी त्याला अरबीत, मग आमच्याकडे बघून मराठीत. "हसत. लग्नघर असावा तशी. माझ्या हातातून कपडा घेतला, म्हणाली, बरा झाला वेळेवर आला. गळ्यातली किल्ली काढली, अत्तराची पेटी उघडली. गोंडा बुडवला. रुमाल घातला. म्हणाली, उद्या नासिरला उशीर नको. मी काय बोलणार, ताई? इतक्या दिसांत तिला अशी खूश बघितली नव्हती. मी म्हटला, हो मामा."

सलीम भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग वळला आणि म्हणाला, "तू कुठंही जाणार नाहीस. मी आईला आत्ता सांगतो, तुझा काही दोष नाही."

"नाय!" हवाबीनं चक्क त्याची बाही धरली. त्या घरात तिनं कधी असं केलं नसेल. "तिला सांगायचा नाय. तिचा नवरा एकदा गेला. आज सकाळी परत गेला. आणि आता तुमी सांगणार, तूच त्याला पुसून टाकलास? मी लहानाचा मोठा केला नाय तुला, पण तुझ्या पोरांना केला. त्यांची आण आहे तुला, सांगायचा नाय."

"आणि आळ? तो तुझ्यावरच?"

"राहू दे. कुणावर तरी राहायलाच पाहिजे. मी नाय तर कोण, असा तिनं एकदा विचारला की ती शोधत बसेल. शोधत शोधत स्वतःपाशी पोचेल. शाळेतली बाई आहे ती, हुशार आहे. म्हणून म्हणते, मला लवकर घालवा."

मी चंद्रशेखरांकडे पाहिलं. खरं काय ते शोधून काढणं हा त्यांचा धंदा. ते पुठ्ठ्याची ती पट्टी बोटांत वाकवत होते. नंतर त्यांनी तिचे तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले.

सलीमनं तरी प्रयत्न केला. आठवडाभर सुट्टी घेतली, आईला डॉक्टरांकडे नेलं, हवाबीला घरातच ठेवलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हाला कळलेलंच होतं. एकदा त्यानं डिशडाशा लपवून पाहिला, तर बाईंनी सगळं घर उपसलं आणि तो परत द्यावा लागला. बाई पुष्कळ काही विसरायच्या. सकाळचं जेवण विसरायच्या, माझं नाव विसरायच्या. पण मंदूस उघडलं की वास नाही हे नव्यानं कळायचं, आणि हवाबी समोर आली की त्या तोंड फिरवायच्या. तिच्या हातचं पाणीसुद्धा त्या घेईनात. हवाबी अर्धी झाली. शेवटी तीच सलीमला म्हणाली, आता पुरे. त्यानं व्हिसा रद्द केला, तिकीट काढलं. आईला तो आपल्या घरी नेणार होता.

ती निघाली त्या गुरुवारी सकाळी मी गेले होते. तानाजी आला नाही, त्याच्यानं बघवेना. चंद्रशेखर फाटकाशी उभे होते. हवाबीची एकच बॅग होती, जुनी, चेन तुटलेली, दोरीनं बांधलेली. सलीम गाडी सुरू करत होता आणि बाई ओसरीवर आल्या.

त्यांनी बॅगेकडे पाहिलं. मग हवाबीकडे.

"किधर जाती?"

हवाबीनं बॅगेची दोरी आवळली. "छुट्टी, मामा. घर जाती."

"छुट्टी? किसने बोला?" बाईंचा चेहरा लहान मुलासारखा गोंधळला. मग तो रागानं लाल झाला, आणि त्या अरबीत सलीमवर उलटल्या. "तू काढलंस हिला? मला विचारलंस? हिनं काय केलं?"

सलीम स्टिअरिंग धरून बसला होता. बाई पायऱ्या उतरून आल्या, हवाबीच्या हातातून बॅग हिसकावली, छातीशी धरली आणि आत निघून गेल्या. आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

"हवाबी, राहा," मी म्हटलं. मी रडत होते. "विसरल्यात त्या. बघ ना, सगळं विसरल्यात."

"आज विसरली," हवाबी म्हणाली. "परवा मला बघून भिंतीला चिकटली होती." ती आत गेली.

आम्ही वाट पाहत होतो. आतून बाईंचा आवाज येत होता, हवाबीचा येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा दोघींचं हसणं ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही.

हवाबी बाहेर आली तेव्हा तिचे हात रिकामे होते. पासपोर्ट आणि तिकीट तेवढं ओढणीच्या गाठीत. ती गाडीत मागच्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं.

"बॅग?" सलीमनं विचारलं. "तुझे सगळे कपडे त्यात आहेत."

"असू देत." तिनं घराकडे पाहिलं नाही. "बॅग घरात आहे तोवर तिला वाटेल, मी बाजारात गेलेय."

सलीमनं गाडी सुरू केली.